एकोणचाळीस मिनिटं

मुंबईत एके काळी दोन टाइम चालायचे, एक मुंबई टाइम आणि दुसरा स्टँडर्ड टाइम, आणि दोघांत एकोणचाळीस मिनिटांचा फरक होता, हे आज घरातल्या मुलांना सांगितलं तर त्यांना ती थाप वाटते. मलाही लहानपणी वाटायची. पण सांगणारे आबा होते, आणि आबा थापा मारत नसत.

आबा म्हणजे माझे आजोबा. राजापूरजवळच्या एका खेड्यातून पोरवयातच बापाच्या मागोमाग मुंबईला आलेले, सातवी झालेले, कापसाच्या एका पेढीत जन्मभर कारकुनी केलेले. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्या. धोतर, काळा कोट आणि कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. रात्री जेवण झालं की सुपारी कातरायची आणि घड्याळाला किल्ली द्यायची, हा त्यांचा नेम. किती वाजले असं विचारलं की म्हणायचे, "स्टँडर्ड सांगू की आपला?" हे सांगतोय ते साठच्या दशकातलं. तोवर आपला टाइम कुठेच उरला नव्हता, म्युनिसिपालिटीनेही तो सोडून बरीच वर्षं झाली होती. आबांच्या हिशेबात मात्र तो शेवटपर्यंत चालू होता. सूर्य डोक्यावर आला की बारा वाजायला हवेत, असं त्यांचं साधं म्हणणं. साडेबारा होऊन गेल्यावर सूर्य डोक्यावर येतो, हे त्यांना कधी पटलं नाही.

गावी मे महिन्यात गेलो की आबांचं म्हणणं आपोआप समजायचं. घरात भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. पडवीच्या खांबाची सावली खळ्यातल्या एका दगडाला टेकली की आजी चुलीवरची पेज उतरवायची. सकाळी शेतावर गेलेली माणसं तेवढ्यात येत. उकड्या तांदळाची पेज, वर खोबऱ्याचा कीस, तोंडी लावायला भाजलेला सुका बांगडा नाहीतर आंब्याची फोड. सावली आखडत खांबाच्या बुडाशी आली की दुपारचं जेवण. कुणी घड्याळ बघत नव्हतं आणि कुणाचं जेवण चुकतही नव्हतं.

बोटीची वेळ आणखी निराळी. मुंबईहून येणारी बोट मुसाकाजी बंदराला लागायची, तिथून पडावात उतरायचं आणि पुढे खाडीने वर यायचं तर भरती साधायला हवी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे चाकरमानी घरी किती वाजता पोचणार हे सांगताना आजी वाजण्याचं बोलायचीच नाही, तिथी सांगायची. अष्टमीला येणारा माणूस आणि पुनवेला येणारा माणूस वेगवेगळ्या वेळी दारात उभा राहायचा आणि ते तिला बोटांवर मोजून कळायचं.

लग्नात घटिकापात्र असायचं. माझ्या पाहण्यात एकदाच आलं, एका चुलत आत्याच्या लग्नात, तेही पाण्याच्या घंगाळात नुसतं मानाला ठेवलेलं. तांब्याची लहान वाटी, तिच्या बुडाला सुईएवढं भोक. पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि बुडते. एकदा बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आजची चोवीस मिनिटं. अशा साठ घटका म्हणजे एक दिवस. घटका मोजायच्या त्या सूर्य उगवल्यापासून, आणि सूर्य उगवायचा त्या गावाचा. राजापूरची घटका राजापूरच्या सूर्याची, पंढरपूरची पंढरपूरच्या सूर्याची.

दोन गावांचे सूर्य वेगळे असतात हे आमच्या गावच्या जोशीबुवांना चांगलं ठाऊक होतं. आबा त्यांच्याकडे जाऊन बसायचे, मी मागे मागे. जोशीबुवा सांगत की आपल्या ज्योतिष्यांनी फार पूर्वी जमिनीवर एक रेघ धरली आहे, लंकेपासून उज्जैन, कुरुक्षेत्र करत थेट मेरूपर्यंत, आणि पंचांगाचा हिशेब त्या रेघेपासून करायचा. आपलं गाव त्या रेघेच्या जितकं पश्चिमेला तितका सूर्य उशिरा. पुढे नकाशा हातात आल्यावर पाहिलं तर उज्जैनहून सरळ खाली आलेली रेघ आपल्या सोलापूर-बार्शीच्या अंगावरून जाते. वऱ्हाडातल्या वाशिमला मध्यमेश्वराचं देऊळ आहे, आणि पृथ्वीची मधली रेघ त्या देवळातून जाते अशी तिथल्या लोकांची जुनी श्रद्धा आहे. कुठून तरी मोजायला सुरुवात करावी लागते, ही गोष्ट आपल्या लोकांना साहेबाच्या कितीतरी आधी कळलेली होती. उज्जैनच्या जागी ग्रीनिच आलं ते जहाजांच्या आणि नकाशांच्या जोरावर.

हिशेब तसा सरळ आहे. पृथ्वी चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा अंश आणि एका अंशाला चार मिनिटं. आमचं राजापूर साधारण साडेत्र्याहत्तर अंशांवर, नागपूर एकोणऐंशीच्या थोडं पुढे. म्हणजे नागपूरकरांच्या डोक्यावर सूर्य आला की राजापूरकरांना अजून बावीस-तेवीस मिनिटं थांबायचं. एकट्या महाराष्ट्रात मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत सुमारे अर्ध्या तासाचा फरक पडतो. बैलगाडीने किंवा पायी जाणाऱ्या माणसाला याचं काही सोयरसुतक नव्हतं. नागपूरला पोचायला आठवडे लागत असतील तर तेवीस मिनिटांचं काय घेऊन बसता?

फरक पडला तो आगगाडीने. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा तिची वेळ मुंबईची होती आणि ते पुरेसं होतं. पण रूळ लांबत गेले. १८७० साली जबलपूरजवळ मुंबईकडचे आणि कलकत्त्याकडचे रूळ एकमेकांना मिळाले आणि पंचाईत उभी राहिली. मुंबई आणि कलकत्ता यांच्या सूर्यांत तासाहून जास्त अंतर. रूळ एकेरी, समोरून येणारी गाडी कुठल्या स्टेशनात थांबवून ठेवायची हे वेळेवर ठरायचं. दोन स्टेशनमास्तरांच्या घड्याळांत वीस मिनिटांचा फरक असला तर दोन गाड्या समोरासमोर यायच्या. तेव्हा रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला १७९२ पासूनची वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ कळवता यायची आणि मद्रास पडतंही मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मध्ये. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं 'रेल्वे टाइम' म्हणत ते हेच. त्यांच्या तोंडी तो शब्द नेहमी काळजीने यायचा. रेल्वे टाइमाने जायचं म्हणजे लवकर निघायला हवं, शिदोरी रात्रीच बांधायला हवी.

हे सगळं विलायतेत आधी होऊन गेलं होतं. तिथल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली आपल्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टल लंडनपेक्षा दहा मिनिटं मागे. तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीवर असं घड्याळ आहे की त्याला दोन मिनिटकाटे आहेत, एक गावच्या वेळेचा आणि एक लंडनच्या. या घड्याळाविषयी वाचलं तेव्हा मला आबांची फार आठवण आली. त्यांच्या खिशातल्या घड्याळाला तसा दुसरा काटा असता तर त्यांचं समाधान झालं असतं. ब्रिटनमध्ये एक वेळ कायद्याने आली ती १८८० साली, म्हणजे रेल्वेने ती लावल्यानंतर चाळीस वर्षांनी.

ब्रिटन लहान, तिथे एका वेळेत भागलं. अमेरिका आणि कॅनडा पडले अवाढव्य. या टोकाला दिवस मावळला तरी त्या टोकाला दुपार. रेल्वे कंपन्यांच्या पन्नासच्या आसपास वेगवेगळ्या वेळा, आणि प्रवाशाचे हाल. तेव्हा तिथल्या रेल्वे कंपन्यांनी आपसांत ठरवून मुलखाचे उभे पट्टे पाडले आणि १८ नोव्हेंबर १८८३ च्या रविवारी दुपारी घड्याळं जुळवली. सरकारने नव्हे, कंपन्यांनी. एका पट्ट्यात एकच वेळ, शेजारच्या पट्ट्यात नेमका एक तास पुढे किंवा मागे. सगळ्या जगाचे असे चोवीस पट्टे करावेत असं कॅनडाचे रेल्वे इंजिनिअर सँडफर्ड फ्लेमिंग काही वर्षं सांगतच होते. १८७६ साली आयर्लंडमध्ये वेळापत्रकातल्या छापण्याच्या चुकीमुळे त्यांची गाडी हुकली आणि तिथून हा विचार त्यांच्या डोक्यात पक्का बसला. गाडी आपल्यातल्या पुष्कळांची हुकते. ती पुन्हा कुणाचीच हुकू नये म्हणून आयुष्य घालवणारा एखादाच.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८८४ मध्ये, वॉशिंग्टनला पंचवीस देशांची परिषद भरली आणि ग्रीनिचची रेघ शून्याची मानायचं ठरलं. बावीस देश बाजूने, एक विरुद्ध आणि फ्रान्स व ब्राझील हे दोन तटस्थ. हिंदुस्थानातला कुणी त्यात नव्हता. ब्रिटनच्या प्रतिनिधींमध्ये जनरल स्ट्रॅची होते, इंडिया कौन्सिलचे सभासद, तेवढाच आपला संबंध. परिषदेने पट्टे पाडले नाहीत. ते ज्या त्या देशाने आपल्या सोयीने पुढच्या काही दशकांत पाडून घेतले. फ्रान्सने तर १९११ पर्यंत पॅरिसची वेळ सोडली नाही आणि सोडली तीही अशी की कायद्यात ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही, पॅरिसची वेळ नऊ मिनिटं एकवीस सेकंद मागे, असं लिहिलं. म्हणून म्हणतो, मुंबईकरांनी जे केलं त्यात वावगं काही नव्हतं. आपल्या डोक्यावरचा सूर्य सोडून देणं जगात कुणालाच सोपं गेलेलं नाही.

मुंबईत हा तंटा दोनदा झाला. पहिला १८८१ साली. गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन, ज्यांच्या नावाचं पुण्याचं कॉलेज. त्यांनी हुकूम काढला की सरकारी कचेऱ्यांत मद्रास टाइम चालेल. मुंबई टाइमपेक्षा तो अर्धा तास पुढे. शहर बिथरलं. राजाबाई टॉवर तेव्हा नवा होता, १८७८ साली पुरा झालेला. विद्यापीठाने त्याच्या घड्याळावर मुंबईचीच वेळ ठेवली. रात्री घड्याळ दिव्यांनी उजळायचं तर त्याचा खर्च सरकारकडून हवा, आणि मद्रास टाइम दाखवणाऱ्या घड्याळालाच पैसे मिळतील असं सरकारचं म्हणणं. विद्यापीठाने ऐकलं नाही. दोन वर्षांत, १८८३ साली, गव्हर्नरसाहेबांनीच माघार घेतली.

राजाबाई टॉवरचं नाव निघालं की आजी एक गोष्ट सांगायची, ती इथे सांगायलाच हवी. टॉवरला पैसे दिले प्रेमचंद रायचंद शेठनी, कापसाचे बडे दलाल, आणि नाव दिलं आपल्या आईचं. आजीच्या सांगण्यानुसार या राजाबाई आंधळ्या होत्या. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. दिसत नाही तर मावळतीची वेळ कळणार कशी? म्हणून मुलाने घंटा बांधली, ती ऐकून आई जेवायची. ही कहाणी मुंबईत पुष्कळांच्या तोंडी आहे. कागदोपत्री ती कितपत बसते ते असो. आजी सांगायची तेव्हा तिचे डोळे भरायचे, कारण तिच्या स्वतःच्या सासूला शेवटची काही वर्षं दिसत नव्हतं आणि कोंबडा आरवला की ती सुनेला विचारायची, आज आरवला तो उजाडायच्या आधी की नंतर?

दुसरा तंटा मोठा. सारा देश एका वेळेवर आणायचं सरकारच्या मनात होतं. रेल्वे आणि तारखात्याला तर ते हवंच होतं, शिवाय भूगर्भखात्यातले ओल्डहॅमसाहेबही त्याच्या मागे होते. १८९७ चा आसामचा मोठा भूकंप कुठे किती वाजता जाणवला हे ते गोळा करत होते आणि प्रत्येक गावचं घड्याळ वेगळं. साडेब्याऐंशी अंशांची रेघ ठरली, मिर्झापूरजवळून जाणारी, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. १ जानेवारी १९०६ पासून हा स्टँडर्ड टाइम चालू झाला. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. उरली एकोणचाळीस मिनिटं. आबांची एकोणचाळीस मिनिटं.

इथे आमच्या घरची गोष्ट मिसळते. आबांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, लालबागेकडे गिरणीत होते. साच्यावर की बॉयलरवर, याविषयी घरात दोन मतं आहेत. एका खोलीत गावचे बारा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपायचे, जेवायला खानावळ. शनिवारी बोंबील मिळाले की ती मेजवानी. अंगावर घड्याळ कुणाच्याच नाही, सगळं भोंग्यावर. १९०५ साली गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस उगवण्या-मावळण्याचं बंधनच उरलं नाही. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास साचे चालू. त्यावरून आधीच दंगे झाले होते, आणि त्यात हा नवा टाइम. जानेवारीत मुंबईचा सूर्य स्टँडर्डप्रमाणे सात वाजून गेल्यावर उगवतो. सहाचा भोंगा नव्या टाइमाने वाजला तर चाळीतून निघायचं मिट्ट काळोखात. आबा आपल्या वडिलांचं एक वाक्य सांगायचे: "यायचं नव्या टायमान नि सुटायचं जुन्या टायमान, ह्यो मालकाचा हिशेब." पाच जानेवारीला हजारो कामगारांनी साचे सोडले, दगडफेक झाली. शहरात नव्या टाइमाविरुद्ध अर्जांवर पंधरा हजारांहून अधिक सह्या पडल्या. पणजोबा त्या दगडफेकीत होते असं आबा सांगायचे, आणि नव्हते असं आबांची बहीण. मला वाटतं असावेत. नसते तर ते वाक्य इतकं जपून पुढच्या पिढीला दिलं नसतं.

सरकारी कचेऱ्या, रेल्वे, तारखातं नव्या वेळेवर गेलं. म्युनिसिपल कॉर्पोरेशनमध्ये फिरोजशहा मेहतांचं वजन मोठं, तिथे मुंबई टाइमच राहिला. शहराच्या एका अंगाला एक वेळ, दुसऱ्या अंगाला दुसरी. असं थोडेथोडके दिवस नव्हे, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षं चाललं. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ साली सोडली, मुंबईने त्यानंतर. मुंबईतल्या पारशांच्या काही अग्याऱ्यांत धर्मविधी आजही मुंबई टाइमाने होतात.

दोन टाइमांत माणसं नांदत कशी होती, याच्या गोष्टी आबांकडे पुष्कळ. सगळ्यांत आवडती त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नाची. नवरीकडची मंडळी घाटावरची, आगगाडीने आलेली, त्यांची घड्याळं स्टँडर्डवर. पत्रिकेत मुहूर्त छापला, पुढे कुठला टाइम ते छापायचं राहिलं. नवरी मुंडावळ्या बांधून मांडवात आली, मामा शेजारी उभे, आणि नवऱ्याकडची मंडळी चाळीत पोह्यांच्या बश्या घेऊन निवांत. निरोपावर निरोप गेले. घाटावरचे एक काका संतापून बिऱ्हाडी परत निघाले, त्यांना पेढा भरवून आणावं लागलं. या गोंधळात फक्त भटजी शांत. त्यांच्यापुढे घटिकापात्र पाण्यात होतं आणि त्यांनी सूर्योदयापासून घटका मोजल्या होत्या. त्यांना दोन्ही टाइमांशी कर्तव्य नव्हतं. अक्षता वेळेवर पडल्या. पंगतीतला मसालेभात मात्र खाली लागला होता, असं आबांची बहीण चाळीस वर्षांनीही आठवणीने सांगायची.

मग महायुद्ध आलं. जपानी बॉम्ब टाकणार म्हणून लोकांनी बायकापोरं गावी धाडली, आजीही गेली. १ सप्टेंबर १९४२ ला सरकारने स्टँडर्ड टाइमच आणखी एक तास पुढे केला, उजेडाचा उपयोग होऊन विजेचं नि इंधनाचं भागावं म्हणून. ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत तो तसाच होता. म्हणजे त्या तीन वर्षांत मुंबईच्या डोक्यावर सूर्य आला की सरकारी घड्याळात दीड वाजून गेलेला असायचा. गावी कुणाला त्याचा पत्ता नव्हता. शाळेच्या मास्तरांकडे घड्याळ होतं, पण ते बंद असायचं.

आजी परत मुंबईला आली आणि १४ एप्रिल १९४४ ला गोदीत स्फोट झाला. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज, पोटात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा. या दिवसावरून आजी-आबांचं दर वेळी वाजायचं. आबा म्हणत, चार वाजून गेले होते, पेढीवरचा चहा नुकताच झाला होता. आजी म्हणे, काहीतरीच काय, मी दुपारचं आवरून, उष्टी काढून, जरा पाठ टेकली होती, ऊन अजून खिडकीच्या खालच्या गजावर होतं. दोन-अडीचच्या पुढे वेळ गेलेलीच नव्हती. खिडकीची तावदानं फुटली, मडक्यातलं पाणी हललं, पोरं रडायला लागली. हे दोघांचं एक. वेळेवरून मात्र जन्मभर एकमत नाही. आम्ही नातवंडं आबांच्या बाजूची, कारण त्यांच्याकडे घड्याळ.

दोघंही गेल्यावर कधीतरी मी कागदावर मांडून पाहिलं. पहिला मोठा स्फोट नोंदला आहे तो चार वाजून सहा मिनिटांनी. त्यातून युद्धाचा एक तास वजा केला की तीन वाजून सहा मिनिटं. त्यातून मुंबईची एकोणचाळीस मिनिटं वजा केली की दोन वाजून सत्तावीस. आजीने खिडकीच्या गजावरच्या उन्हावरून सांगितलेली वेळ! आबा खरे होते आणि आजीही तितकीच खरी होती. आमच्या घरात हा निकाल ऐकायला दोघांपैकी एकही उरलं नव्हतं, त्याची हळहळ मला अजून वाटते. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत की आपण त्यांच्या वयाला बोल लावतो. त्यांनी कुठल्या घड्याळाने आयुष्य मोजलं, हे विचारायचं राहून जातं.

पट्ट्यांचा प्रश्न आपल्याकडे अजून मिटलेला नाही. गुजरातच्या पश्चिम टोकापासून अरुणाचलच्या पूर्व टोकापर्यंत जवळजवळ तीस अंशांचा पसारा, म्हणजे दोन तासांचा फरक, आणि वेळ एकच. आसामच्या चहामळ्यांत घड्याळं एक तास पुढे ठेवण्याची जुनी चाल आहे, तिला तिथे बागान टाइम म्हणतात. तिकडे हिवाळ्यात साडेचारच्या सुमाराला दिवस मावळतो, दुपारचे चार म्हणजे त्यांच्या दृष्टीने संध्याकाळच. देशाची अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली दोन वेळा कराव्यात असं सुचवलं, पश्चिमेला हीच आणि ईशान्येला एक तास पुढची. जिथे वेळ बदलायची ती सीमाही त्यांनी अशी निवडली की तिथे रेल्वेचे रूळ फार नसावेत. म्हणजे दीडशे वर्षांनीही धास्ती तीच, समोरून येणाऱ्या गाडीची. मला विचाराल तर ईशान्येच्या लोकांना त्यांचा तास द्यावा. सूर्य मावळल्यावर दिव्याच्या उजेडात काम करायला लागणं म्हणजे काय, हे गिरणगावच्या घरांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माझी धाकटी आत्या त्या युद्धाच्या दिवसांत, १९४३ साली, गावी जन्मली. तिची पत्रिका जोशीबुवांनी केली. तिच्यात तास-मिनिटं नाहीत, सूर्योदयापासून किती घटका आणि किती पळं गेली तेवढंच आहे, म्हणून तिच्या जन्मवेळेबद्दल कधी शंका आली नाही. त्याच वर्षी मुंबईच्या इस्पितळात जन्मलेल्या आमच्या शेजारच्या काकांची वेळ मात्र तीनदा बदलली. कुणी युद्धाचा तास धरला, कुणी धरला नाही, कुणी मुंबई टाइम समजून आणखी एकोणचाळीस मिनिटं मिळवली.

तुमच्या घरी जुन्या पत्रिका, लग्नपत्रिका, टिपणवह्या असतील तर एकदा काढून बघा. वेळेपुढे मुंबई टाइम लिहिलंय, स्टँडर्ड लिहिलंय की काहीच नाही, ते पाहा आणि बाजूला स्वच्छ अक्षरात नोंदवून ठेवा. १९४२ चा सप्टेंबर ते १९४५ चा ऑक्टोबर यांमधली सरकारी वेळ असेल तर एक तास वजा करायला विसरू नका. आणि त्या काळातलं कुणी अजून घरात असेल तर कागद नंतर काढा, आधी त्यांच्याजवळ बसून विचारा.